पन्नास एमबीची पंगत

मंडळी, तीस-बत्तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. त्यामुळे कुठलीही वस्तू हाताशी आली की आधी प्रश्न पडतो, ही आली कुठून? पुतण्याच्या ऑफिसने काढून टाकलेला पेंटियम थ्री आमच्याकडे आहे, १२८ एमबी मेमरीचा. त्यावर पपी लिनक्स चालतं. मग म्हटलं, या पपीचं कुळ शोधू या.

"लिनक्स हलकं असतं, म्हणून जुन्या कॉम्प्युटरवर चालतं" असं सगळे म्हणतात. मला हे अर्धंच खरं वाटतं. आपोआप हलकं काहीच नसतं. काय ठेवायचं आणि काय काढायचं हे कुणीतरी बसून ठरवलेलं असतं. पंगतीत पानं किती मांडायची हे ठरवतात तसंच. खरा इतिहास त्या ठरवण्याचा आहे.

हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सने जानेवारी १९९१ मध्ये ३८६ प्रोसेसरचा कॉम्प्युटर घेतला. वय २१, मेमरी ४ एमबी. (आज मोबाईलवर काढलेला एखादा फोटोच तेवढा असतो!) ऑगस्टमध्ये त्याने जाहीर केलं की मी हौस म्हणून एक ऑपरेटिंग सिस्टीम करतोय, आणि सप्टेंबरमध्ये ०.०१ ही आवृत्ती बाहेर आली. वर्षअखेरीला जर्मनीतल्या एकाने त्याला कळवलं, माझ्याकडे मेमरी २ एमबीच आहे, तेवढ्यात तुमचं कर्नल कंपाईल होत नाही. कर्नल म्हणजे सिस्टीमचा गाभा, आणि कंपाईल करणं म्हणजे माणसाने लिहिलेला मजकूर यंत्राच्या भाषेत आणणं. लिनसला स्वतःला ही अडचण नव्हती. तरी त्याने नाताळच्या दिवसांत बसून सोय केली. मेमरी अपुरी पडली की तिच्यातला काही भाग हार्डडिस्कवर नेऊन ठेवायचा आणि लागेल तेव्हा परत आणायचा. बिऱ्हाड लहान असलं की पावसाळ्यात गाद्या माळ्यावर टाकतो, तसं.

ही सोय जानेवारी १९९२ च्या ०.१२ आवृत्तीत आली. त्याच आवृत्तीबरोबर त्याने जाहीर केलं की यापुढे लिनक्स जीपीएल या परवान्याखाली राहील. म्हणजे कुणीही घ्या, बदला, वाटा, पण ज्याला द्याल त्यालाही तोच हक्क मिळाला पाहिजे. दोन एमबीवाल्याला पान वाढलं गेलं आणि पुढच्यांना स्वतःची पंगत मांडायची मुभा मिळाली, तेही एकाच वेळी. मला तरी हा योग फार मोलाचा वाटतो.

पुढची गोष्ट आपल्यापैकी अनेकांच्या घरात घडलेली आहे. २००१ च्या विंडोज एक्सपीला निदान ६४ एमबी मेमरी लागायची, २००७ च्या व्हिस्टाला ५१२. सहा वर्षांत आठपट! चांगले धडधाकट कॉम्प्युटर कागदोपत्री म्हातारे झाले.

पण त्याआधीच काही मंडळी कामाला लागली होती. जर्मनीच्या क्लाऊस क्नॉपर यांचं नॉपिक्स २००० साली आलं. ते सीडीवरूनच चालायचं, हार्डडिस्कवर काही घालायची गरज नाही. त्यावरून जॉन अँड्र्यूज यांनी डॅम स्मॉल लिनक्स केलं. (नाव वर्गात उच्चारण्यासारखं नाही.) त्यांनी मर्यादा घातली ५० एमबीची, कारण व्हिजिटिंग कार्डाएवढ्या छोट्या सीडीवर तेवढंच मावतं. ४८६ प्रोसेसर आणि १६ एमबी मेमरीवरही ते चालायचं, आणि त्यात ब्राउझर होता, लिहिण्याचं साधन होतं, गाणी ऐकण्याचंही होतं. जून २००३ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या बॅरी कौलर यांनी पपी आणलं, नाव त्यांच्या छोट्याशा कुत्र्यावरून. पपी सुरू होताना सबंध मेमरीत जाऊन बसतं, त्यामुळे जुनी रखडणारी डिस्क आड येत नाही. आणि आपलं सगळं काम एका फाईलमध्ये ठेवतं.

आता माझी खरी तक्रार. तक्रार म्हणण्यापेक्षा खंत म्हणा. ५० एमबीच्या पंगतीत आपल्या मराठीला पान नव्हतं! देवनागरीला नुसता फॉन्ट पुरत नाही. 'क्ष'चे तुकडे होऊ नयेत, 'कि'ची वेलांटी अक्षराच्या आधी यावी, यासाठी वेगळी यंत्रणा लागते. लिनक्समधली पँगो नावाची ती यंत्रणा २००२ मध्ये जीटीके २ बरोबर आली. डॅम स्मॉलने जागा वाचवायला जुनं जीटीके १ ठेवलं, त्यात ती नव्हतीच. काटकसर करणाऱ्यांना इंग्रजी पुरत होतं, म्हणून जे वगळलं गेलं त्याची त्यांना उणीव भासली नाही. त्यांना दोष देत नाही. घर आवरताना आपणही दुसऱ्याच्याच वस्तू आधी बाहेर काढतो. पपीत जीटीके २ होतं. तिथे लोहित नावाचा फुकट फॉन्ट नेऊन टाकला आणि लीफपॅडमध्ये मराठी नीट दिसू लागलं. आमच्या घराण्याची वंशावळ मी त्यातच टाईप केली. फॉन्ट एक एमबीसुद्धा नाही हो!

वगळण्याची पाळी ३८६ वरही आली. डिसेंबर २०१२ मध्ये कर्नलमधून त्याचा आधार काढला, चारशेहून अधिक ओळी गेल्या. कारण योग्य होतं. कर्नल स्वतः काम करत असताना 'इथे फक्त वाचा, लिहू नका' ही पाटी ३८६ जुमानायचा नाही, ४८६ पासून ती सोय झाली. एवढ्या एका खोडीसाठी सगळ्यांना वळसा घालून जावं लागत होतं. म्हणजे ज्या यंत्रावर लिनक्स जन्मलं, त्यावर नवं लिनक्स चालेना.

पुढे ओघ वाढतच गेला. ऑगस्ट २०२५ च्या डेबियन १३ पासून ३२ बिटच्या मशीनवर डेबियन नव्याने बसवता येत नाही, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० चा आधार संपला तेव्हा पुन्हा तीच कागदोपत्री म्हातारपणाची लाट आली. डॅम स्मॉल २०२४ मध्ये पुन्हा अवतरलं, अँड्र्यूज यांच्याच हातून, पण मर्यादा आता ७०० एमबी, म्हणजे सबंध सीडी. दरम्यान वेबसाईट्स एवढ्या जड झाल्यात की निम्मं ओझं ब्राउझरचंच.

जुन्या आवृत्त्या मात्र जपलेल्या आहेत. कर्नलच्या संकेतस्थळावर ०.०१ आजही उतरवून घेता येते. कुणाच्या माळ्यावर ३८६ असेल तर जरूर बघा. फक्त एक गोष्ट आधी सांगून ठेवतो, त्या आवृत्तीतला कीबोर्ड फिनिश आहे.