बोरूचें कांडें आणि टोंक : बीड जिल्ह्यांतील पोथ्यांच्या अक्षरपरीक्षेसंबंधीं एक टिपण

१. जुन्या पोथीचें वर्णन करतांना तिचीं पानें, ओळी, कागद, शाई आणि पुष्पिका यांची नोंद करण्याचा प्रघात आतां रूढ झाला आहे. परंतु ज्या साधनानें तीं अक्षरें उमटलीं त्या लेखणीविषयीं आमच्या वर्णनांत बहुधा एक शब्दही नसतो. पोथी मागें राहते, लेखणी राहत नाहीं, हें याचें कारण असावें. तथापि लेखणीनें आपली खूण प्रत्येक काना-मात्रेंत ठेविलेली असते, आणि ती ओळखतां न आल्यास निर्णय कसा चुकतो हें आम्हीं स्वतःच्या अनुभवानें शिकलों. तो अनुभव प्रथम सांगतों.

२. बीड जिल्ह्यांतील एका घराण्याच्या संग्रहांतून एक बाळबोध पोथी आमच्यापुढें आली. पूर्वार्धाचें अक्षर रुंद व ठसठशीत. पुढें एका पानापासून तें एकाएकीं बारीक व कोरडें होतें. आम्हीं ‘दोन हातांची प्रत’ अशी नोंद केली, आणि उत्तरार्ध मागाहून जोडला असावा असा तर्कही तींत घातला. कांहीं वर्षांनीं तीच पोथी पुन्हां पाहतांना असें ध्यानांत आलें कीं, हा बदल प्रकरणाच्या आरंभीं नाहीं, ओवीच्या आरंभींही नाहीं. तो ओवीच्या मध्यें, एका शब्दानंतर झालेला आहे. दुसरा लेखक ओवी अर्धी असतां येऊन बसेल हें क्वचित्. पण बोरू मात्र कोणत्याही शब्दापाशीं मोडतो. मग दोन्ही भागांतील ‘ल’, ‘झ’, ‘ण’ यांचीं वळणें ताडून पाहिलीं. तीं एकाच हाताचीं निघालीं. दरम्यान घरच्या मंडळींनीं आमच्या शब्दावर विसंबून उत्तरार्ध निराळ्या रुमालांत बांधून दुसऱ्या कोनाड्यांत ठेविला होता, व तेथील ओलीनें त्याचीं चार पानें गेलीं. हा दोष सर्वस्वीं आमचा आहे. तो पुनः कोणाकडून घडूं नये म्हणून हें टिपण लिहीत आहों.

३. बाण असो, भाला असो, किंवा बिलिअर्ड खेळण्याची काठी असो, दांड्याचा निमुळतेपणा आणि टोंकाची जात यांचा मेळ वापरणाऱ्याच्या हाताशीं जमावा लागतो. बोरूचेंही तसेंच आहे. कांडें फार जाड असल्यास बोटांत फिरत नाहीं. फार बारीक असल्यास बोटें आंवळून धरावीं लागतात व घटकाभरानें अक्षर बिघडूं लागतें. कांडें सरळ, पक्व आणि कठीण सालीचें असावें. कोंवळ्या कांड्याचें टोंक शाईनें फुगतें आणि केसाळ होतें. कांडें पोकळ असल्यानें त्याच्या पोटांत थोडी शाई राहते. म्हणून पेराची गांठ टोंकापासून दूर ठेवून कापणें सोयीचें पडतें.

४. कांडें निवडल्यावर घडण. प्रथम चाकूनें एका अंगानें लांब तिरका छेद घेऊन पोट उघडें करावयाचें. मग दोन्ही बाजूंनीं खांदे तासून तें निमुळतें करावयाचें. मग मध्यें उभी चीर द्यावयाची, तिच्यावाटे शाई उतरते. आणि शेवटीं हाडाच्या किंवा लांकडाच्या पट्टीवर टेंकवून टोंक एका घावांत तोडावयाचें. फारशी कलमकार या शेवटच्या छेदास ‘कत’ म्हणतात. या चार कृतींत अक्षराचें सर्व भवितव्य ठरतें. खांदे लांबवर तासले तर टोंक लवचीक होतें. दाब वाढतांच रेघ रुंदावते, आणि हाताचा प्रत्येक चढउतार कागदावर उमटतो. खांदे आंखूड ठेविले तर टोंक ताठ राहतें. रेघ एकसारखी येते, पण हातास शीण होतो. कत जितका रुंद तितकें अक्षर ठोसर. कताच्या तिरकसपणावर जाड-बारीक रेघांची वांटणी अवलंबून असते. नागरींत वरून डावीकडे खालीं उतरणारी रेघ जाड आणि वरून उजवीकडे खालीं उतरणारी रेघ बारीक येते. रोमन लिपीच्या हस्तलेखांत बहुधा याच्या उलट. म्हणून नागरी लिहिणाराचा कत त्या लिपीच्या लेखकाच्या कताहून उलट्या अंगास झुकलेला असतो.

५. हा विचार आमच्या पूर्वजांस नवा नव्हता. समर्थ रामदासांच्या (१६०८–१६८१) दासबोधांत एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास ‘लेखनक्रियानिरूपण’ हाच आहे. समर्थांचें जन्मस्थान जांब हें गोदेच्या उत्तरेस, आजच्या जालना जिल्ह्यांत. नदी ओलांडली कीं बीड जिल्हा लागतो. त्या समासांत निरनिराळ्या देशींचे बोरू आणावे, ते घट्ट, बारीक व सरळ पाहून घ्यावे, टांक तोडण्याचे नाना प्रकार जाणावे, असें सांगितलें आहे. म्हणजे कांड्याची निवड आणि टोंकाची घडण हीं दोन्हीं अंगें तेथें स्वतंत्रपणें आलीं आहेत. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी कीं, अक्षराचें काळेपण, टांकाचें ठोसरपण आणि वळण हीं तिन्ही आरंभापासून अखेरपर्यंत सारखीं असावीं, सबंध ग्रंथ एकाच टांकानें लिहिल्यासारखा दिसावा, अशी समर्थांची अपेक्षा आहे. बोरू झिजतो, मोडतो, पुनःपुन्हां तासावा लागतो, हें ठाऊक असल्यावांचून असा उपदेश कोणी करणार नाहीं. पानाच्या भोंवतीं मोकळी जागा सोडावी, म्हणजे कागद झडला तरी अक्षर झडत नाहीं. आणि तरुणपणीं अतिबारीक लिहूं नये, कारण म्हातारपणीं तें कामास येत नाहीं, हेही त्याच समासांतील विचार आहेत. पोथ्या जमविणाऱ्यांस त्यांची सत्यता सांगावयास नकोच.

६. आतां बीड जिल्ह्यांतील दोन उदाहरणें घेऊं. पहिलें आंबेजोगाईच्या दासोपंतांचें (१५५१–१६१५). गीतार्णवासारखा प्रचंड ग्रंथ लिहिणाऱ्या या पुरुषास रोज एका ढब्बू पैशाची शाई लागे अशी आख्यायिका आहे. ती अक्षरशः खरी मानण्याचें कारण नाहीं. पण इतक्या लेखनास किती बोरू लागले असतील याचा विचार तिनें सुचतो. त्यांची ‘पासोडी’ ही तर कागदावर नसून कापडावर आहे. सुमारें ४० फूट लांब व ४ फूट रुंद अशा त्या पटावर पंचीकरणाचा विषय ओवीबद्ध लिहिलेला आहे. कापडावर लिहितांना काय अडचण येते हें पाहण्यासाठीं आम्हीं जाड्या सुती कापडास खळ दिली, वाळल्यावर गुळगुळीत दगडानें घोटलें, आणि काजळ व बाभळीचा डिंक यांच्या शाईनें लिहून पाहिलें. पोथीच्या कागदावर चालणारें लांब निमुळतें टोंक तेथें निरुपयोगी ठरलें. तें सुतांत अडकें व शाई धाग्याच्या वाटेनें पसरे. आंखूड खांद्याचें, रुंद आणि ताठ टोंक मात्र धाग्यांवरून निर्वेध सरकलें. त्यानेंही थोड्याच ओळींत धार सोडली व पुन्हां तासावें लागलें. तेव्हां कापडावरील अक्षर आणि कागदावरील अक्षर ताडून पाहतांना जाडीचा भेद हा हाताच्या भेदाचा पुरावा धरतां येणार नाहीं. एखादी प्रत स्वहस्ताक्षराची आहे कीं नाहीं हा प्रश्न वळणावर सोडविला पाहिजे, ठोसरपणावर नव्हे.

७. दुसरें उदाहरण बीडजवळील पाटांगण येथील. तेथें इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांस ज्ञानेश्वरीची जुनी प्रत मिळाली व तिची संहिता त्यांनीं १९०९ सालीं प्रसिद्ध केली. त्या संहितेच्या प्राचीनत्वाविषयीं विद्वानांत पुष्कळ वाद झाला. परंतु मूळ पोथी आज पाहावयास उपलब्ध नाहीं. छापील पुस्तकांत शब्द उरले. रेघेची जाडी, कताचा कल, कोठें बोरू पुन्हां तासला गेला, कोठें हात बदलला, हें कांहींच उरलें नाहीं. राजवाड्यांचे उपकार मराठीवर अपार आहेत, आणि त्यांनीं ती संहिता छापली नसती तर शब्दही हातीं लागले ना. तथापि मुद्रणानें पोथीचें काम संपत नाहीं हा धडा पाटांगणच्या प्रतीनें आम्हांस घालून दिला आहे.

८. वरील अनुभवांवरून परीक्षेचे कांहीं नियम सुचतात. अक्षराच्या जाडींत तीन प्रकारचे चढउतार दिसतात. पहिला बुडीचा : दर थोड्या अक्षरांनीं रेघ फिकी होते व पुन्हां काळी होते. दुसरा झिजेचा : पानापानागणिक रेघ हळूहळू रुंद व बोथट होत जाते आणि मग एकदम धारदार होते, तेथें बोरू तासला असें समजावें. तिसरा नव्या बोरूचा : जाडी आणि कधीं कधीं कताचा कलही एकदम बदलतो, पण अक्षरांचीं वळणें तींच राहतात. या तिहींपैकीं एकानेंही हात बदलल्याचें सिद्ध होत नाहीं. हात बदलला असें म्हणण्यास रेघा काढण्याचा क्रम, अक्षरांचीं वळणें, शब्दांची लेखनपद्धति आणि ओळ भरण्याची संवय यांत एकदम भेद दिसला पाहिजे. आणि तो एखाद्या स्वाभाविक थांब्यापाशीं असल्यास अनुमानास बळकटी येते.

९. म्हणून संग्राहकांस आमची विनंती अशी आहे कीं, पोथीच्या वर्णनांत एक ओळ लेखणीसाठीं राखावी. आरंभीं, मध्यें आणि अखेरीस एकेका उभ्या कान्याची रुंदी मिलिमीटरच्या दशांशापर्यंत मोजावी. जाड रेघ कोणत्या दिशेस येते तें लिहावें. आणि जेथें अक्षर एकदम बदलतें त्या पानाचा, ओळीचा व शब्दाचा आंकडा द्यावा. शब्दाचा आंकडा देण्यास विसरूं नये, कारण आमची चूक त्या एका आंकड्याअभावींच झाली. आणि अशी नोंद पुरी होईपर्यंत कोणत्याही पोथीचे दोन रुमाल करूं नयेत.