उधाणाचा आकडा मोबाईलवर येतो, पण वाचायचा कसा? खाडीकाठच्या गावांसाठी माहिती

पावसाळ्यात ‘आज समुद्राला उधाण, ४.८ मीटरची भरती’ असा मेसेज फिरतो. पण आपल्या बांधावरून पाणी येणार की नाही, ते त्यातून कळत नाही. पेण, अलिबाग, उरणच्या खारेपाटात खरा प्रश्न तोच. बांधाला खांड पडून खारं पाणी शेतात शिरलं की त्या वर्षीचं भात जातंच, पुढेही जमीन लवकर सुधारत नाही.

आकडा कशाचा?
४.८ मीटर ही जमिनीपासूनची उंची नाही. मोठ्या ओहोटीला पाणी जिथवर उतरतं, साधारण तिथून ती मोजतात. प्रत्येक बंदराचा आकडा वेगळा. मुंबईपेक्षा रत्नागिरीला भरती कमी चढते. म्हणून जवळच्या बंदराचाच आकडा बघा. खाडीत आतल्या गावांना भरती थोडी उशिरा पोचते.

वेळापत्रकात काय नसतं?
भरती-ओहोटीचं वेळापत्रक चंद्र-सूर्याच्या गतीवरून आधीच तयार होतं. अमावस्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग. भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे जाते. पण वारा, कमी दाबाचा पट्टा, मोठ्या लाटा आणि नदीचा पूर त्यात धरलेले नसतात. हवेचा दाब १ मिलिबारने उतरला की पाणी साधारण १ सेंटीमीटर चढतं. किनाऱ्याकडे जोराचा वारा असेल तर आणखी. २६ जुलै २००५ ला मुंबईत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्यातच मोठी भरती आली आणि पाण्याला समुद्राकडे जायला वाटच उरली नाही.

म्हणून वेळापत्रकासोबत दोन इशारे बघायचे: हवामान खात्याचा पाऊस-वाऱ्याचा आणि हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ संस्थेचा उंच लाटांचा. ‘सचेत’ ॲपवरही आपत्तीचे इशारे येतात.

गावाचा आकडा काढा
उघाडीजवळच्या भिंतीवर किंवा खांबावर रंगाने खुणा करा. प्रत्येक उधाणाला पाणी कुठवर आलं, त्या दिवशीचा आकडा किती होता, वारा-पाऊस कसा होता, हे वहीत लिहा. एक-दोन पावसाळ्यांत कळेल, की अमुक आकड्याला पाणी बांधाच्या कडेला लागतं. तोच आपल्या गावाचा धोक्याचा आकडा. तो ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहून ठेवा.

उधाणाच्या आधी
• ओहोटीच्या वेळी बांध फिरून बघा, खेकड्यांची बिळं आणि खचलेली जागा बुजवा.
• उघाडीची झापं नीट बंद होतात का, ते तपासा.
• होड्या, जाळी, गुरं, धान्य उंचावर न्या.
• म्हातारी माणसं, आजारी आणि गरोदर बायका कुणाच्या घरी जाणार, ते आधीच ठरवा.
• भरतीच्या वेळी बांधावर उभं राहू नका.

मोठी भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी सांगितला असेल, तर आकडा धोक्याच्या थोडा खाली असला तरी तयारीत राहा. बांध फुटल्यास तहसील कार्यालयाला किंवा जिल्हा आपत्ती कक्षाच्या १०७७ क्रमांकावर लगेच कळवा.