दाभोळ ते दासगाव : किनाऱ्याचा आपला नकाशा

सुट्ट्या लागल्या की घाटकोपरहून कोकणात जाणाऱ्या गाड्या भरतात. मुरूडला किल्ला, हर्णैला मासळी, दापोलीला थंड हवा, हरिहरेश्वरला देवदर्शन. फिरण्याला आमचा विरोध नाही. आपली माणसं पिढ्यान्‌पिढ्या फक्त राबायला प्रवास करत आली, आता त्यांची मुलं समुद्र बघायला जात असतील तर ती आनंदाचीच गोष्ट आहे. आमचा प्रश्न वेगळा आहे. हातात जो नकाशा घेऊन आपण फिरतो, तो कुणी काढला? त्यात आपण कुठे आहोत?

सुरुवात नालासोपाऱ्यापासून करू. घाटकोपरहून मेट्रोने अंधेरी आणि तिथून विरार लोकल, इतकंच अंतर. हे प्राचीन शूर्पारक बंदर. भगवान बुद्धांचा उपदेश सुनापरांतात घेऊन आलेला पुण्ण हा याच भागातला व्यापारी, असं पाली परंपरा सांगते. इथल्या टेकाडाला लोक 'बुरूड राजाचा कोट' म्हणत. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी ते खणलं, तेव्हा आत स्तूप निघाला. सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही इथेच सापडला आणि १९५६ मध्ये जवळच्या भुईगावात नवव्याचा. १९५६ हे साल धम्मदीक्षेचं. त्याच वर्षी या किनाऱ्याच्या मातीतून अशोकाची अक्षरं वर यावीत, हा योगायोगच. पण लक्षात ठेवण्याजोगा.

तिथून दक्षिणेला या. राजपुरीच्या खाडीवर जंजिरा बघायला रोज होड्या भरून पर्यटक जातात. त्याच खाडीच्या आतल्या बाजूला, मांदाडजवळ, कुडा लेणी आहेत. तिकडे वळणारे थोडे. तिथल्या शिलालेखांत दान देणाऱ्यांची नावं आहेत. त्यात फुलांच्या माळा करणारा आहे, वैद्य आहे, कऱ्हाडचा लोखंडाचा व्यापारी आहे. हे सगळे आपले रक्ताचे पूर्वज होते असा दावा आम्ही करत नाही. तसा पुरावा नाही, आणि पुराव्याशिवाय बोलणं ही आपली रीत नव्हे. पण एवढं तर दगडावर स्वच्छ कोरलेलं आहे की, हाताने काम करणारा माणूस तिथे स्वतःच्या धंद्याच्या नावाने, मान वर करून उभा होता. धंदा म्हणजे विटाळ, हे त्या भिंतीवर कुठेच लिहिलेलं नाही.

मग तो माणूस त्याच किनाऱ्यावर पाण्याला महाग कसा झाला? याचं उत्तर शोधायला महाडला जावं लागतं.

महाड म्हणजे सावित्री नदीवरचं बंदर, व्यापारी पेठ. शहराला लागूनच गांधारपाले लेणी आहेत. व्यापार आला की जात ढिली होते, असं आपल्याला सांगितलं जातं. महाडच्या बाजारात माल सगळ्यांचा चालत होता, मात्र चवदार तळ्यावर माणूस चालत नव्हता. ४ ऑगस्ट १९२३ रोजी रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात मंजूर झाला. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागद झाला, पण पाणी मिळालं नाही. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी ओंजळीत पाणी घेतलं, तेव्हा तो कागद जिवंत झाला. त्यावर उत्तर काय आलं? परतणाऱ्या आपल्या माणसांवर लाठ्या आणि तळ्याचं 'शुद्धीकरण'.

डिसेंबरची परिषद भरायची तेव्हा प्रश्न होता, मुंबईहून पोचायचं कसं? धरमतरवरून गेलो तर मोटारवाले आयत्या वेळी बसू देणार नाहीत, ही शंका होती. म्हणून २४ डिसेंबरला बाबासाहेब आणि त्यांचे सहकारी 'पद्मावती' बोटीने निघाले आणि दुसऱ्या दिवशी दासगाव बंदरात उतरले. तिथून महाडपर्यंत मोर्चा. मंडपाला सवर्णांकडून जागा मिळेना, ती फत्तेखान या मुसलमान गृहस्थाने दिली. त्याच रात्री मनुस्मृती जळाली आणि दहनाचा ठराव मांडणारे गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे जन्माने ब्राह्मण होते. आपली लढाई व्यवस्थेशी आहे, हे सांगायला याहून मोठा दाखला नको. पण दासगावचा धक्का किती पर्यटकांना ठाऊक आहे? खरं विचारायचं तर, आपल्यापैकी किती जणांना?

आता दाभोळ. माहितीफलक सांगतात आदिलशाही, जुनी मशीद, १५०८ मध्ये पोर्तुगीज अल्मेडाने केलेली जाळपोळ. सगळं खरं. पण याच बंदरातून मासळीच्या टोपल्या डोक्यावर वाहून नेणारा एक हमाल होता, वणंदचे भिकू धुत्रे. त्यांची लेक म्हणजे माता रमाई. आईवडील गेल्यावर ती लहान वयात मुंबईला आली. आज घाटकोपरची वस्ती तिच्या नावाने उभी आहे. ११ जुलै १९९७ ला याच वस्तीतल्या दहा जणांनी गोळ्या झेलल्या. म्हणजे दाभोळचा इतिहास बंदरावर संपत नाही, तो पूर्व द्रुतगती महामार्गाला येऊन मिळतो.

किनारा सोडून आपली माणसं का आली? पोट हे एक कारण, खोत हे दुसरं. जमीन खोताची, राबणं आपलं. लष्कराची नोकरी हा एक दरवाजा होता. त्यातूनच महाड तालुक्यातल्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर घडले. १८८८ मध्ये त्यांनी 'विटाळ विध्वंसन' लिहून धर्ममार्तंडांना जाब विचारला. पुढे महारांची भरती बंद झाली, तो दरवाजाही मिटला. उरली मुंबईची बोट, गिरणी आणि गोदी. १९३७ मध्ये बाबासाहेबांनी खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं ते महार आणि कुणबी दोघांसाठी. कायदा व्हायला १९४९ उजाडलं.

कुणी म्हणेल, सुट्टीतही जात कशाला काढता? आम्ही विचारतो, महाडच्या तळ्याभोवती कुंपण कुणी काढलं होतं? आम्ही फक्त त्याची जागा दाखवतो. किल्ले बघा, मासे खा, वाळूत बसा. पण एक दिवस कुड्याला द्या, एक दासगावला, एक वणंदला. सोबत वस्तीतली दहावी-बारावीची पोरं न्या. लेखाचे फोटो काढून वाचायला शिका. गावातल्या म्हाताऱ्यांना विचारा, बोटीने मुंबईला पहिलं कोण गेलं, कुठे उतरलं, काय काम केलं, आणि ते लिहून ठेवा. ती माणसं गेली की ती पानंही जातील, आणि मग कोकणचा इतिहास पुन्हा दुसराच कुणीतरी लिहील.

जय भीम!