मंगळवार, संध्याकाळी पाचपर्यंत

7 ऑगस्ट 2012, रात्र
अमेरिकेच्या मिसुरी राज्यात सिनेटच्या जागेसाठी रिपब्लिकन पक्षाची प्राथमिक निवडणूक टॉड एकिन जिंकतात. वय 65, सेंट लुईसच्या उपनगरांतून सहा वेळा निवडून आलेले, प्रतिनिधिगृहाच्या विज्ञान समितीचे सदस्य. मतं 36 टक्के. तिरंगी लढतीत तेवढी पुरतात.

या विजयाला हातभार लावणाऱ्यांत एक नाव डेमोक्रॅटिक सिनेटर क्लेअर मॅकॅस्किल यांचं आहे. नोव्हेंबरमध्ये एकिन यांना लढायचंय ते त्यांच्याशीच. एकिन फारच कट्टर आहेत, असं सांगणाऱ्या टीव्ही जाहिरातींवर मॅकॅस्किल यांनी सुमारे 17 लाख डॉलर खर्च केले. प्राथमिक फेरीतल्या कट्टर मतदारांना ती शिफारसच वाटणार, हा हिशेब होता. समोर हाच गडी हवा होता. जाहिराती उघड होत्या, रोज दिसत होत्या.

ऑगस्टचा दुसरा आठवडा
एका जनमत चाचणीत एकिन 51, मॅकॅस्किल 40. ही जागा रिपब्लिकन पक्षाने जवळपास खिशात घातलेली आहे.

रविवार, 19 ऑगस्ट, सकाळ. मुदतीला दोन दिवस आणि काही तास.
मुदत आहे मंगळवारी संध्याकाळी 5 ची. तोवर उमेदवाराला न्यायालयात न जाता माघार घेता येते. (आपल्याकडे हीच धावपळ दुपारी तीनच्या ठोक्याआधी चालते.)

सेंट लुईसच्या केटीव्हीआय वाहिनीवर एकिन यांची मुलाखत प्रसारित होते. चार्ल्स जॅको विचारतात, बलात्कारातून गर्भ राहिला तरीही गर्भपाताला विरोधच? एकिन सांगतात, डॉक्टरांकडून आपल्याला जे कळलंय त्यावरून असं फार क्वचित घडतं. ‘खराखुरा’ बलात्कार असेल तर स्त्रीचं शरीरच ती गोष्ट बंद पाडायचे मार्ग काढतं. आवाज चढलेला नाही, चेहऱ्यावर राग नाही. जॅको उलटा प्रश्न न विचारता पुढे सरकतात.

1996 मध्ये एका अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेला अंदाज असा, की त्या देशात बलात्कारातून दरवर्षी 32,000 हून अधिक गर्भधारणा होतात.

इशारा आधीही मिळाला होता. 2011 च्या एका गर्भपातविरोधी विधेयकात फक्त ‘बळजबरीच्या’ बलात्काराला सूट ठेवली होती. गदारोळ झाला, शब्द काढावा लागला. विधेयकाच्या पुरस्कर्त्यांत एकिन होते. आता उपाध्यक्षपदाचे उमेदवार असलेले पॉल रायनही होते.

रविवार, काही तासांनी
चित्रफीत देशभर फिरते. एकिन निवेदन काढतात, आपण चुकीचं बोलून गेलो. शरीरशास्त्राबद्दल त्यात अवाक्षर नाही.

सोमवार, 20 ऑगस्ट, दिवसभर
रिपब्लिकन पक्षाचे अध्यक्षपदाचे उमेदवार मिट रॉम्नी या उद्गारांना अपमानकारक आणि अक्षम्य म्हणतात. ओबामा अचानक व्हाइट हाउसच्या पत्रकार कक्षात येतात आणि सांगतात, बलात्कार म्हणजे बलात्कार. रायन एकिन यांना फोन करतात. पक्षाच्या सिनेट प्रचार समितीचे प्रमुख जॉन कॉर्निन मिसुरीसाठी राखलेले 50 लाख डॉलर काढून घेण्याचा इशारा देतात. रिपब्लिकन रणनीतीकार कार्ल रोव्ह यांची संघटना जाहिराती थांबवते.

एकजण मात्र माघारीच्या मागणीत सामील नाही. मॅकॅस्किल म्हणतात, प्राथमिक मतदारांचा कौल पक्षाने वरून रद्द करणं बरोबर नाही. हे तत्त्वनिष्ठेचं बोलणं म्हणावं तर म्हणावं. 17 लाख डॉलर कुठे गेले ते आठवलं, की मग तसं म्हणवत नाही.

सोमवार, रात्री 8. उरले 21 तास.
सीएनएनवर पिअर्स मॉर्गन यांच्या कार्यक्रमात एकिन यायचे असतात. येत नाहीत. कॅमेरा रिकामी खुर्ची दाखवतो.

त्याच रात्री एका चाचणीचे आकडे येतात. एकिन 44, मॅकॅस्किल 43. एवढं होऊनही आपण एका टक्क्याने पुढेच, असा अर्थ त्यातून निघतो आणि एकिन यांच्या गोटात तोच काढला जातो. उरलेले 13 टक्के लोक कुणाच्याच रकान्यात नव्हते. ते आकड्यांत बोलत नव्हते, एवढंच. माझ्या मते निवडणूक त्या रात्री त्या 13 टक्क्यांत गेली.

मंगळवार, 21 ऑगस्ट, सकाळ
एकिन यांची नवी जाहिरात झळकते. ते थेट कॅमेऱ्यात पाहून क्षमा मागतात. (2014 मध्ये लिहिलेल्या पुस्तकात त्यांनी ही माफीही मागे घेतली.)

मंगळवार, दुपार. उरले काही तास.
मिसुरीचे पाच आजी-माजी रिपब्लिकन सिनेटर एकत्र निवेदन काढतात, एकिन यांनी बाजूला व्हावं. सह्यांमध्ये जिम टॅलेंट आहेत. 2006 मध्ये मॅकॅस्किल यांनी ही जागा त्यांच्याकडूनच घेतली होती. रॉम्नीही आता उघड सांगतात, मैदान सोडा.

रिपब्लिकन नेते माइक हकबी यांच्या रेडिओ कार्यक्रमात एकिन जाहीर करतात, आपण राहणार.

त्याच दिवशी टॅम्पामध्ये पक्षाची जाहीरनामा समिती गर्भपातबंदीचं कलम मंजूर करते. बलात्काराचा अपवाद त्यात नमूद नाही. उमेदवाराचे शब्द पक्षाला नकोत, कलम हवं. कुंपणावर बसलेल्या मतदाराला हा फरक कोण समजावून सांगणार होतं?

मंगळवार, संध्याकाळी 5
मुदत संपते.

25 सप्टेंबर
न्यायालयाच्या आदेशाने माघार घेण्याची शेवटची मुदतही संपते. पक्षाला आता उमेदवार बदलता येणार नाही. त्या आठवड्याच्या अखेरीस एकिन वार्ताहरांना सांगतात, 2006 च्या मानाने मॅकॅस्किल आता तितक्या ‘बाईमाणसासारख्या’ राहिलेल्या नाहीत.

ऑक्टोबर
मॅकॅस्किल यांच्या जाहिरातींत बलात्कार सोसलेल्या स्त्रिया स्वतः बोलतात. त्यांच्यातल्या काही रिपब्लिकन आहेत. रोख कुणाकडे आहे ते स्पष्ट आहे. डेमोक्रॅटिक मतदाराला पटवायची गरजच नव्हती.

6 नोव्हेंबर, संध्याकाळी 7
मतदान बंद होतं. मिसुरीत रॉम्नी यांना 14 लाख 82 हजार मतं पडतात. ओबामांपेक्षा ते नऊ टक्क्यांहून जास्त पुढे आहेत. त्याच मतपत्रिकेवर एकिन यांना 10 लाख 66 हजार, म्हणजे 39 टक्के.

मॅकॅस्किल 14 लाख 94 हजार. ओबामांना त्याच राज्यात मिळालेल्या मतांपेक्षा 2 लाख 70 हजार जास्त.

या मतदारांनी पक्ष बदलला असं म्हणता येत नाही. अध्यक्षपदासाठी ते रॉम्नींपाशीच थांबले होते. एकिन यांचं नाव मात्र त्यांनी ओलांडलं. आणखी 1 लाख 65 हजार जणांना मॅकॅस्किलही नको होत्या. त्यांनी मत दिलं लिबर्टेरियन पक्षाच्या जोनाथन डाइन यांना, जे निवडून येण्याची शक्यता कुणीच धरलेली नव्हती.