एकच सदरा आणि टेंभूचा विद्यार्थी

१/ आमच्या कवठे महांकाळच्या दुष्काळी टापूत ‘टेंभू’ म्हटले की आधी पाणी आठवते. कऱ्हाडजवळ कृष्णेचे पाणी उचलून आमच्या तालुक्याच्या काही भागापर्यंत आणणारी ती उपसा सिंचन योजना. त्याच टेंभूत १४ जुलै १८५६ रोजी गोपाळ गणेश आगरकर जन्मले, हे मला पुण्याला एम.ए.ला आल्यावर कळले. लाजिरवाणे आहे, पण खरे आहे.

२/ घरी दारिद्र्य. शिक्षणासाठी कऱ्हाड, रत्नागिरी आणि शेवटी थेट वऱ्हाडातले अकोला अशी वणवण. १८७५ मध्ये मॅट्रिक होऊन ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आले. अंगावर एकच सदरा. तो रात्री धुवायचा, वाळत टाकायचा आणि सकाळी तोच घालून वर्गात हजर व्हायचे.

३/ हा सदरा आपल्यापुढे नेहमी हुंदका देतच येतो. मला तो सूर आगरकरांचा वाटत नाही. १८८२ मध्ये कोल्हापूर प्रकरणातील अब्रुनुकसानीच्या खटल्यात त्यांना व टिळकांना चार महिन्यांची शिक्षा झाली; १०१ दिवसांनी सुटका झाली. त्यावर आगरकरांनी पुस्तक लिहिले आणि त्यात तुरुंगातल्या हालांचीही थट्टा केली. रात्री कोठडीत दोघांचा वाद असा रंगे की पहारेकऱ्यांना येऊन दटावावे लागे! हे दोघे १८७९ च्या सुमारास डेक्कन कॉलेजात एकत्र आले होते. वसतिगृहात राहिलेल्या कोणालाही ही रात्रीची खोड ओळखू येईल. ज्याने कोठडीचीही खोली करून टाकली, तो एका सदऱ्यापायी रडत बसला असेल, असे मला वाटत नाही.

४/ थट्टा थांबते ती एकाच ठिकाणी. एम.ए. करीत असताना त्यांनी आईला पत्र लिहिले. मुलगा शिकून मोठ्या पगाराची नोकरी धरील, ही आशा तिने सोडावी. आपण पोटापुरत्या मिळकतीत समाधान मानून सारा वेळ परहितासाठी वेचणार आहोत, असा त्याचा आशय. इतक्या हालांनंतर घरी हे कळवायचे, म्हणजे काय धैर्य लागले असेल!

५/ माझ्याकडे तेवढे धैर्य नाही. गेल्या रविवारी फोनवर आईने विचारले, “इतिहास शिकून नोकरी लागंल का रं?” मी म्हटले, “आई, टेंभूचं पाणी आलंय न्हवं आपल्या शिवारात? गुण लागायचाच.”
ती म्हणाली, “जेवलास का, ते सांग आधी.”