खांबावरचे सोळा अँपिअर

ब्रिटनमध्ये मोटारीमागे जोडून न्यायच्या कॅरव्हॅनमध्ये सकाळी किटली लावली आणि वीज गेली, की दोष बहुतेक वेळा साइटच्या वायरिंगला दिला जातो. मला या तक्रारीचे मूळ प्रवाशांच्या सवयीत दिसते, आणि ती सवय विजेच्याही आधीची आहे. १८८५ साली निवृत्त नौदल डॉक्टर विल्यम गॉर्डन स्टेबल्स यांनी 'वाँडरर' ही घोडागाडी बांधून घेतली आणि तिच्यातून बर्कशरमधल्या ट्वायफर्डपासून थेट इन्व्हर्नेसपर्यंत प्रवास केला. हौसेखातर केलेल्या कॅरव्हॅन प्रवासाचा आरंभ तिथून धरतात. पहिल्या महायुद्धानंतर बर्मिंगहॅमच्या एक्लेस कंपनीने मोटारीला जोडायच्या कॅरव्हॅन बनवल्या, आणि १९३५ पासून कॅलरचा सिलिंडरमधला गॅस मिळू लागला. पुढे कित्येक वर्षे दिवा गॅसचा, शेगडी गॅसची, आणि वीज असलीच तर १२ व्होल्टच्या बॅटरीची. ११० अँपिअर-तासांची बॅटरी कागदावर जेमतेम १.३ युनिट वीज साठवते, आणि ती पूर्ण उपसली तर खराब होते. या सगळ्या काळात काटकसर होती ती साठ्याची. तेल किती उरले, सिलिंडर किती हलका झाला, दिवा मंद होतो आहे का, हे पाहून माणसे हात आखडता घेत. वस्तू संपत आल्याची सूचना ती वस्तूच देत असे.

साइटवरच्या खांबाला निळ्या प्लगने कॅरव्हॅन जोडण्याची पद्धत रुळली, तेव्हा ही मर्यादा नाहीशी झाल्यासारखी वाटली. केबलमधली वीज संपत नाही. पण तिथे दुसरी मर्यादा येऊन बसली होती, वेगाची. एक लिटर पाणी उकळायला साधारण ०.१ युनिट लागते; ३,००० वॉटची घरगुती किटली ते काम २ मिनिटांत करते, १,००० वॉटची ६ मिनिटांत. एकूण वीज जवळपास तेवढीच. मात्र २३० व्होल्टवर १० अँपिअरचा खांब एका वेळी २,३०० वॉट देतो आणि १६ अँपिअरचा ३,६८० वॉट. थंडीत २,००० वॉटवर हीटर चालू असताना घरची किटली लावली, की मागणी ५,००० वॉटवर जाते, म्हणजे जवळजवळ २२ अँपिअर. साठ्याची काटकसर शिकलेल्या माणसाला यात उधळपट्टी कुठेच दिसत नाही, कारण ती झालेलीच नसते. म्हणूनच ट्रिप झाल्यावर त्याला अन्याय झाल्यासारखे वाटते.

खांबावर एमसीबी, म्हणजे जादा भार आल्यास वीज आपोआप तोडणारा छोटा ब्रेकर आहे, हेही महत्त्वाचे. जर्मनीतल्या मानहाइममध्ये ह्यूगो श्टोट्झ यांच्या कंपनीने १९२४ मध्ये फ्यूजच्या जागी बसवता येईल अशा छोट्या ब्रेकरचे पेटंट घेतले. त्याच्या आत दोन वेगवेगळ्या यंत्रणा असतात: जास्त भाराने तापून हळूहळू वाकणारी दुहेरी धातूची पट्टी, आणि शॉर्ट सर्किट झाल्यावर क्षणात ओढून घेणारे विद्युतचुंबक. पट्टीला वेळ लागतो म्हणून थोडा जादा भार ती सहन करते. आजच्या मानकानुसार १६ अँपिअरच्या एमसीबीने १८ अँपिअरवर तासाभरात पडू नये आणि २३.२ वर तासाभराच्या आत पडलेच पाहिजे, अशी अट आहे. त्यामुळे काल जे चालले ते आज का चालत नाही, असा प्रश्न पडतो. उत्तर बहुधा भार किती वेळ टिकला यात असते. (तीस मिलिअँपिअरची गळती होताच वीज तोडणारा आरसीडी ही निराळी गोष्ट. ओल्या प्लगमुळे तो पडला, तर हीटर बंद करून उपयोग नाही.) फ्यूजमध्ये लोक जाड तार घालत आणि खालची वायर जळेपर्यंत निर्धास्त राहत. कुलूपबंद खांबातल्या एमसीबीत तशी पळवाट नाही. उलट वीज परत यायला कर्मचाऱ्याला शोधावे लागते.

मग खांबावर ३२ अँपिअर का देत नाहीत, असे विचारले जाते. प्रश्न रास्त आहे, पण शंभर जागांची साइट घ्या. सगळ्यांनी एकाच वेळी १६ अँपिअर ओढले, तर ३६८ किलोवॉट लागतील, आणि साइट सहसा गावाबाहेर, शेताच्या कडेला, जिथे ट्रान्सफॉर्मर एवढ्या भारासाठी बसवलेला नसतो. केबल ठरते ती सगळे एकदम पूर्ण भार घेणार नाहीत या गृहीतावर. थोडक्यात, एमसीबी शेजाऱ्याचा वाटा राखतो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: युनिटप्रमाणे मीटर लावा, जो वापरेल तो भरेल. काही साइट्स तसे करतात, आणि दिवसभर हीटर चालू ठेवणाऱ्याला त्याने आळा बसतोही. पण मीटर महिन्याचा किंवा दिवसाचा हिशेब ठेवतो. सकाळी आठला साठ किटल्या एकदम लागण्याला तो काहीच करू शकत नाही. जो पैसे भरायला तयार आहे, त्याच्या पैशाने केबल जाड होत नाही.

कॅरव्हॅनच्या दुकानात ७५० ते १,००० वॉटच्या किटल्या मिळतात, आणि युरोपातल्या जुन्या साइट्सवर ६ अँपिअरचे, म्हणजे १,३८० वॉटचे खांब असल्यामुळे तिकडे जाणारे त्या आवर्जून घेतात. फ्रिज आणि हीटर गॅसवरही चालतील असे बनवलेले असतात, म्हणून अनुभवी प्रवासी सकाळी पाणी उकळेपर्यंत हीटर गॅसवर वळवतो. आता त्याच खांबांवरून विजेवरच्या मोटारी चार्ज करायची मागणी पुढे आली आहे. मोटार ही किटलीसारखी दोन मिनिटांत मोकळी होत नाही, रात्रभर भार धरून ठेवते. पुष्कळ साइट्सनी जागेवरच्या खांबावरून चार्जिंगला मनाई करून त्यासाठी वेगळी सोय सुरू केली आहे, आणि सगळे एकदम घेणार नाहीत या गृहीतावर टाकलेल्या केबलकडे पाहता ती मनाई मला योग्य वाटते.