दरमहा तीन छायाचित्रे

छायाचित्रणाचा इतिहास सांगताना आपण बहुधा दोनच गोष्टींबद्दल बोलतो: कोणता कॅमेरा कधी आला आणि कोणता मोठा छायाचित्रकार कुठे होऊन गेला. त्यात एक गोष्ट हमखास राहून जाते. काढलेली छायाचित्रे नेमाने, सोबत चार शब्द लिहून, लोकांपुढे मांडत राहण्याची सवय कुठून आली, हे कोणी विचारत नाही. मुंबईच्या 1850 नंतरच्या दहा वर्षांकडे पाहिले, तर इथे हौशी छायाचित्रण रुजले ते यंत्राइतकेच या सवयीमुळे, असे माझे म्हणणे आहे. यंत्राने चित्र शक्य केले. चित्र काढणाऱ्याला वाढवले ते मात्र नियमित प्रकाशनाने आणि त्याची वाट पाहणाऱ्या लोकांनी.

यंत्र तर आधीच आले होते. दागेरच्या शोधाची घोषणा पॅरिसमध्ये 1839 साली झाली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस मुंबईच्या वर्तमानपत्रात त्याची माहिती छापून आली. पण दागेरच्या पद्धतीत धातूच्या पत्र्यावर एकच चित्र उमटे. त्याच्या प्रती निघत नसत. ते चित्र ज्याच्या घरी, त्याच्याच घरी राही. इंग्लंडात टॅलबटने कागदी निगेटिव्हची पद्धत शोधली आणि 1851 साली आर्चरने काचेवर कोलोडियन लावण्याची कृती पेटंट न घेता सर्वांना खुली केली. तेव्हा कुठे एका चित्राच्या अनेक प्रती काढणे आवाक्यात आले. लंडनची फोटोग्राफिक सोसायटी 1853 साली निघाली आणि पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर 1854 मध्ये, मुंबईकरांनी स्वतःची सोसायटी काढली. भारतातली ही अशी पहिलीच संस्था. कलकत्ता आणि मद्रास इथल्या संस्था तिच्यानंतर, 1856 सालच्या. मुंबईच्या सोसायटीने लगेच स्वतःचे नियतकालिक सुरू केले, प्रदर्शने भरवली, आणि सभासदांची चित्रे इतरांच्या नजरेखालून जाऊ लागली. चित्र काढणे हा घरातला छंद राहिला नाही, ते चार जाणकारांसमोर मांडण्याचे काम झाले.

या वातावरणातूनच 1856 च्या अखेरीस ‘द इंडियन अमॅच्युअर्स फोटोग्राफिक अल्बम’ हे मासिक निघाले. काढणारे दोघे, विल्यम जॉन्सन आणि विल्यम हेंडरसन. जॉन्सन मुंबईतल्या सरकारी नोकरीतून या कलेकडे वळलेला, सोसायटीच्या संस्थापकांपैकी एक. अल्बमची रचना साधी होती: दर अंकात तीन छायाचित्रे आणि त्यांच्यासोबत छापील माहिती. ‘पश्चिम भारतातील पोशाख आणि माणसे’ अशी एक मालाही त्यात चालत असे. 1858 पर्यंत सुमारे चोवीस अंक निघाले, म्हणजे सत्तरएक चित्रे. आकडा लहान वाटतो, पण त्यामागचे काम पाहावे. त्या काळी छायाचित्र छापखान्यात छापता येत नसे. संवेदनशील केलेला कागद निगेटिव्हखाली चौकटीत दाबून उन्हात ठेवायचा, रंग पुरेसा चढला की काढायचा, पक्का करायचा, बऱ्याच पाण्याने धुवायचा, वाळवायचा आणि मग जाड पानावर चिकटवायचा. शंभर वर्गणीदार धरले, तर दर महिन्याला तीनशे प्रती अशा हाताने काढाव्या लागणार. त्यात आषाढ-श्रावणात मुंबईला ऊन कसे मिळणार? निगेटिव्ह काढतानाही तीच तारांबळ. कोलोडियनमधला ईथर 35 अंशांच्या आसपास उकळतो, आणि ओली काच सुकायच्या आत, काही मिनिटांतच, चित्र घेऊन धुवावी लागते. मुंबईच्या उकाड्यात हे सगळे सांभाळून पुढचा अंक वेळेवर काढायचा, तर हात तयार व्हावाच लागतो. कोणत्या पाठ्यपुस्तकातून हा सराव मिळाला नसता.

नियमित प्रकाशनाने काय साधते, हे उलट उदाहरणातून अधिक स्पष्ट दिसते. 1855 साली मुंबई सरकारने तोफखान्यातले कॅप्टन थॉमस बिग्ज यांना प्राचीन वास्तूंची छायाचित्रे घेण्यासाठी नेमले. विजापूर, बदामी, ऐहोळे इथे त्यांनी कागदी निगेटिव्हवर केलेले काम उत्तम आहे. वर्ष संपायच्या आतच त्यांना पलटणीत परतावे लागले आणि डॉ. विल्यम पिगू यांनी ते काम पुढे नेले. पण विजापूर आणि धारवाड-म्हैसूरच्या वास्तूंवरचे मोठे ग्रंथ लंडनमध्ये प्रसिद्ध झाले ते 1866 साली. म्हणजे बिग्ज यांची चित्रे पुस्तकरूपाने यायला अकरा वर्षे गेली. दरम्यान त्यांचा वाचक कोण होता, त्यांना कोणी काय सुचवले असते, पुढच्या चित्रात काय बदलले असते? कला कमी नव्हती, साधने सरकारी होती, तरीही काम वाढत जाण्याची वाटच तिथे नव्हती.

यावर पहिला आक्षेप असा येईल की तारीख डोक्यावर बसली की भरतीची चित्रे निघतात. हे खरे आहे. दर महिन्याला तीन चित्रे द्यायची म्हटल्यावर तिन्ही सारख्या मोलाची असणार नाहीत. पण नियमाचा फायदा प्रत्येक चित्रात नसतो, साठत गेलेल्या संग्रहात असतो. जॉन्सनने पुढे 1863 आणि 1866 साली मुंबईतल्या जातीजमातींवर दोन खंडांचा ग्रंथ काढला, तो मुख्यतः या साठ्याच्या जोरावर. त्यात एक गोष्ट लक्ष देऊन पाहण्यासारखी आहे. अल्बममध्ये जी माणसे साध्या पडद्यापुढे किंवा अंगणात बसलेली दिसतात, तीच ग्रंथात एखाद्या इमारतीसमोर किंवा मोकळ्या जागी उभी केलेली आढळतात. दोन निगेटिव्ह जोडून ही चित्रे तयार केली होती. नीट पाहिले की आकृत्यांच्या कडा कापलेल्या कळतात आणि माणूस व मागचे दृश्य यांचे प्रमाण जुळत नाही. ही जोडणी आज ठामपणे दाखवता येते, कारण आधीची चित्रे महिनेवारीने प्रसिद्ध झाली होती आणि टिकली. नियमित प्रकाशनाने छायाचित्रकाराला वाढवले आणि त्याच्या कामावरचा पुरावाही मागे ठेवला.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. या अल्बममधली माणसे नावाने येत नाहीत. ती जात, धंदा किंवा प्रांत यांच्या नावाने येतात. राज्यकर्त्यांची वर्गवारी करण्याची हौस त्यात उघड दिसते, आणि 1868 पासून निघालेल्या ‘द पीपल ऑफ इंडिया’ या आठ खंडांत तिचा कळस झाला. हा आक्षेप मला पूर्णपणे मान्य आहे, आणि तो सौम्य करण्याची माझी इच्छा नाही. समोर बसलेल्या माणसाचे नाव न विचारता त्याच्यावर माहिती लिहिणे हा अन्यायच होता. पण सवय आणि ती वापरणारा हात या वेगळ्या गोष्टी आहेत. त्याच सोसायटीत डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी 1857 च्या प्रदर्शनात तीस छायाचित्रे मांडतात आणि कार्यकारी मंडळावर बसतात. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमधल्या छायाचित्रणाच्या वर्गातून शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण मुंबईत स्वतःचा स्टुडिओ थाटतात. ही व्यासपीठे सर्वांना सारखी खुली होती, असे मात्र कोणी समजू नये. कलकत्त्याच्या सोसायटीतून 1857 साली राजेंद्रलाल मित्र यांना काढून टाकले, कारण निळीच्या मळेवाल्यांच्या जुलमाविरुद्ध ते जाहीरपणे बोलले. यावरून एवढेच ठरते की सवय दुसऱ्याच्या संस्थेवर विसंबून ठेवता येत नाही. प्रकाशन शक्यतो आपल्या हातात असावे लागते.

तिसरा आक्षेप पैशांचा. कॅमेरा, काचा, रसायने हे अधिकारी, डॉक्टर, व्यापारी यांनाच परवडे, मग सवयीचे कौतुक कशाला? त्याचे उत्तर पुढच्या इतिहासात आहे. कोरड्या प्लेटा आल्या, 1888 साली कोडॅकचा कॅमेरा आला आणि चित्र काढणे झपाट्याने सोपे होत गेले. चित्रांची संख्या अफाट वाढली, पण चित्र काढणाऱ्यांपैकी फार थोडे कामात पुढे गेले. साधन स्वस्त झाल्याने पहिले चित्र सोपे होते. शंभरावे चित्र पहिल्यापेक्षा चांगले व्हायला मात्र आजही तीच जुनी शिस्त लागते: ठरलेली तारीख, मोजकी चित्रे, प्रत्येकाखाली विचारपूर्वक लिहिलेला मजकूर आणि त्याबद्दल जाब विचारणारे लोक. जॉन्सन आणि हेंडरसन यांच्या अल्बममधून हे सारे घ्यावे, आणि त्यांनी जे टाळले तेही करावे. ज्याचे चित्र काढले, त्याचे नाव विचारून लिहावे.